‘घोटाळा’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनी मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेची रोकड तपासली, तेव्हा प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांत मिळून १२२ कोटी रुपये कमी भरले. १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने कामगारांची बँक म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेच्या ठेवीदारांवर आपल्याच पैशासाठी शाखेच्या दरवाजापुढे ताटकळत उभे राहण्याची पाळी आली. सुमारे दोन आठवडे त्यांना एक रुपयाही काढता आला नाही. त्यानंतर पंचवीस हजारांची मुभा मिळाली. वृत्तपत्रांनी या घटनेला नाव दिले ते ‘घोटाळा’.

हेच नाव नोव्हेंबर २०१० मध्ये टू-जी प्रकरणालाही मिळाले होते. दूरध्वनी लहरींचे १२२ परवाने जानेवारी २००८ मध्ये २००१ सालच्या भावाने वाटले गेले. त्यामुळे सरकारी तिजोरीत जो पैसा येऊ शकला असता तो आला नाही, असे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले आणि न आलेल्या या पैशाचे निरनिराळे अंदाज बांधले. त्यांतील सर्वांत लहान अंदाज ५७ हजार कोटींचा आणि सर्वांत मोठा १ लाख ७६ हजार कोटींचा होता. मथळ्यांनी अर्थातच मोठा तेवढा उचलला. एका ठिकाणी मोजलेल्या नोटा तिजोरीतून नाहीशा झाल्या. दुसऱ्या ठिकाणी कधी तिजोरीत आल्याच नव्हत्या अशा पैशाचा हिशेब मांडला गेला. दोन्ही गोष्टी गंभीर आहेत, परंतु त्या एक नव्हेत. मराठी वाचकाला मात्र दोन्ही एकाच शब्दात सांगितल्या गेल्या, आणि आकड्यांच्या तुलनेत १२२ कोटी ही रक्कम क्षुल्लक वाटावी अशी व्यवस्था आपोआप झाली.

शब्द सैल वापरला गेला म्हणून भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी हळहळावे, एवढाच हा प्रश्न असता तर त्याची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकांवर सोपवता आली असती. पण सार्वजनिक पैशाच्या बाबतीत शब्द सैल झाला की जबाबदारीही सैल होते, आणि तिचा लाभ कोणाला मिळतो हे पाहण्यासारखे आहे.

‘घोटाळा’ हा मुळात फार गरीब, घरगुती शब्द. मांजर पायात घोटाळते, मुले स्वयंपाकघरात आईभोवती घोटाळतात, एखादे नाव ओठांवर घोटाळते आणि आठवत नाही. एकाच जागी घुटमळणे, मागेपुढे होणे, गुंतणे हा त्यातला भाव. त्यावरून आलेला घोटाळा म्हणजे गोंधळ, गल्लत. दोघा पाटलांची नावे सारखी असल्याने टपालाचा घोटाळा होतो. लग्नपत्रिकेत तिथी एक आणि तारीख दुसरी छापली गेल्याने पाहुण्यांचा घोटाळा होतो. दूधवाल्याच्या आणि घरच्या वहीत दोन दिवसांचा फरक पडून हिशेबाचा घोटाळा होतो. या कोणत्याही घोटाळ्यात कोणी चोर नाही. तो होतो, आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलणे केले की निस्तरतो. आजही घराघरांत हा शब्द याच अर्थाने, कोणाच्याही चारित्र्याला धक्का न लावता वापरला जातो.

गोंधळवाचक शब्दाने लबाडीवाचक होण्याची ही वाटचाल मराठीला नवी नाही. ‘घोळ’, ‘गोलमाल’ हे शब्द याच वाटेने गेले. ‘अफरातफर’ हा तर त्यांतला सर्वांत बोलका. अधिकउणे अशा अर्थाच्या अरबी जोडशब्दावरून तो आला. हिंदीत ‘अफरातफरी’ म्हणजे अजूनही पळापळ, गोंधळ, पण मराठीत ‘अफरातफर’ म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर मारलेला हात. आपल्या पूर्वजांनी हे शब्द उगीच वळवले नसावेत. हिशेबाच्या वह्यांशी ज्यांचा संबंध आला त्यांना पक्के ठाऊक होते, की कारकून पैसे खातो तेव्हा तो प्रथम वहीत गोंधळ करतो. नोंदी मागेपुढे होतात, एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात दिसते, पावत्यांचे क्रमांक जुळत नाहीत. चोरी आणि गोंधळ हे एकमेकांच्या आश्रयाने राहतात. हे शहाणपण या शब्दांत साठलेले आहे आणि ते खोटे नाही. अडचण निराळीच आहे. जुना कुळकर्णी किंवा पेढीवरचा मुनीम ‘घोटाळा’ म्हणे तेव्हा तो चौकशीचा आरंभ असे: वहीत घोटाळा आहे, आता तो कोणी केला आणि किती रकमेचा, ते पाहा. आज ‘घोटाळा’ म्हटले की चौकशी संपली असे मानले जाते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दशकांत मराठी वृत्तपत्रे अशा घटनांसाठी प्रायः ‘प्रकरण’ हा शब्द वापरीत. मुंध्रा प्रकरण, नागरवाला प्रकरण, सिमेंट प्रकरण, बोफोर्स प्रकरण. हा शब्द कोरडा होता आणि तोच त्याचा गुण. तो निकाल देत नसे. कागदपत्रांची एक फाईल आपल्यापुढे ठेवली आहे एवढेच सांगे, आणि पुढचे काम वाचकाला व लेखकाला तपशिलाने करावे लागे.

मुंध्रा प्रकरणाचेच पाहावे. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने पुढच्याच वर्षी हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना खरेदी केले. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न धसास लावला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि २४ दिवसांत काम उरकले. आयोगापुढचे प्रश्न अगदी रोखठोक होते: ही खरेदी कोणी ठरवली, कोणाच्या सांगण्यावरून ठरवली, भाव कसा लावला आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारले होते काय? फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सव्वा कोटी ही रक्कम त्या काळीही सरकारी अंदाजपत्रकाच्या मानाने लहानच होती. पण ती रक्कम नेमकी होती, कृत्य नेमके होते, म्हणून उत्तरही नेमके मागता आले.

सिमेंट प्रकरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे. त्या वेळी सिमेंट नियंत्रित भावाने, सरकारी वाटपाने मिळत असे आणि काळ्या बाजारातला भाव त्याहून पुष्कळ वर होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या दोन भावांमधील अंतर म्हणजे वाटपाची सही करणाऱ्याच्या हाती आलेली संपत्तीच होती. तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी निगडित प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेले सिमेंट यांत देवाणघेवाणीचा संबंध आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. व्यक्तीच्या वर्तनाचा निवाडा न्यायालयात झाला. ज्या भावफरकावर ते वर्तन पोसले गेले त्याला धोरणाने काही प्रमाणात उत्तर दिले. दोन प्रश्न होते, त्यांना दोन उत्तरे मिळाली. आजच्या भाषेत या सर्वाला ‘सिमेंट घोटाळा’ म्हटले गेले असते आणि दुसरा प्रश्न कोणाच्या लक्षातही आला नसता.

‘घोटाळा’ शब्दाला खरे राजपद मिळाले ते १९९२ मध्ये. एप्रिल महिन्यात स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारातील खिंडार उघड झाले, इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘स्कॅम’ हा अमेरिकन बोलीतला शब्द उचलला, आणि मराठीने त्याच्यासाठी आपला घरगुती शब्द पुढे केला. एका अर्थी १९९२ चे प्रकरण या शब्दाला साजेसेच होते, कारण त्यात गोंधळ हेच लबाडीचे साधन होते. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत, पण प्रत्यक्ष रोखे हाती देण्याऐवजी ‘हे रोखे आम्ही तुमच्या वतीने सांभाळत आहोत’ अशी एक पावती देत. तिला ‘बँक रिसीट’ म्हणत. रिझर्व्ह बँकेकडील रोख्यांच्या नोंदी हाताने होत, त्यांना विलंब लागे, आणि दोन बँकांच्या मधे दलाल उभा असे. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावे काढलेला धनादेश मधल्यामध्ये दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला आणि तो पैसा शेअर बाजारात फिरू लागला. पुढे तर हाती रोखे नसतानाच पावत्या लिहून देण्यापर्यंत मजल गेली.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्या दोन बँकांपैकी एक होती बँक ऑफ कराड. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावाची, आसपासच्या शेतकरी-व्यापाऱ्यांच्या ठेवींवर वाढलेली ही लहान बँक. सरकारी रोख्यांच्या शेकडो कोटींच्या उलाढालीशी तिचा खरे तर काही संबंध असण्याचे कारण नव्हते. १९९२ मध्ये ती अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने एकूण गुंतलेली रक्कम सुमारे चार हजार कोटी ठरवली. या चार हजार कोटींत निरनिराळ्या गोष्टी होत्या: बँकांनी दलालाला बेकायदेशीरपणे वापरू दिलेला पैसा, खोट्या पावत्यांवर उचललेला पैसा, नियम मोडून केलेली पण वसूल होऊ शकणारी येणी. समितीने त्यांचा उलगडा केला. जनतेच्या स्मरणात मात्र उरले ते ‘हर्षद मेहता घोटाळा’ हे नाव. त्यात बँकांची नावे नाहीत, परदेशी बँकांची तर नाहीतच.

नामकरणाची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे. घोटाळ्याला बहुधा वस्तूचे नाव मिळते: चारा घोटाळा, मुद्रांक घोटाळा, कोळसा घोटाळा, सिंचन घोटाळा. जणू चाऱ्याने किंवा कोळशानेच काही केले. व्यक्तीचे नाव मिळते ते सत्तेच्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला, दलालाला, मध्यस्थाला. मेहता आणि तेलगी ही त्याची ठळक उदाहरणे. या दोघांनी गुन्हे केले यात शंका नाही. पण बँकेच्या अधिकाऱ्याने धनादेश दलालाच्या खात्यात भरल्याशिवाय एकाचा, आणि नकली मुद्रांकांकडे पोलिसांनी व अधिकाऱ्यांनी काणाडोळा केल्याशिवाय दुसऱ्याचा कारभार चालणे शक्य नव्हते. बिहारमध्ये जनावरांच्या चाऱ्याच्या नावाखाली सरकारी कोषागारांतून खोटी बिले वटवून सुमारे साडेनऊशे कोटी रुपये काढले गेले. हा सरळसरळ अपहार होता आणि त्यात लालूप्रसाद यादव यांच्यासह अनेकांना न्यायालयाने दोषी ठरवले. १९९६ मध्ये चाईबासा येथील कोषागाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने बिले आणि मंजूर अनुदान यांची तुलना केली, एवढ्यावर ते उघड झाले. त्याने घोटाळा शोधला नाही. त्याने बिले शोधली.

व्याकरणाचाही येथे हात आहे. अपहार ‘करावा’ लागतो, लाच ‘घ्यावी’ लागते, फसवणूक कोणाची तरी कोणीतरी ‘करतो’. या क्रियांना कर्ता लागतो आणि तो वाक्यात नसेल तर वाक्य लंगडे वाटते. घोटाळा ‘होतो’. ‘अमुक खात्यात पाचशे कोटींचा घोटाळा’ हा मथळा कर्त्यावाचून पूर्ण वाटतो. पाऊस झाला, अपघात झाला, घोटाळा झाला. आणि शब्दाचा जुना, निरपराध अर्थ अजून मेलेला नसल्याने संबंधितांना तो केव्हाही आठवता येतो. काही कारकुनी गफलत झाली असेल, नोंदींत घोटाळा झाला असेल, आम्ही पाहून घेऊ, असा खुलासा कितीदा तरी छापून आलेला असतो. आरोप करणारा ज्या शब्दाने आरोप करतो, त्याच शब्दाच्या आडोशाला आरोपी जाऊन उभा राहतो.

कायद्याला हा शब्द ठाऊक नाही. १८६० च्या दंड संहितेच्या ५११ कलमांत तो नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. तेथे फसवणूक आहे, अपहार आहे, विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा न्यासभंग आहे, खोटे दस्तऐवज आहेत. लाच वेगळ्या अधिनियमात आहे. यांपैकी प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. शिवाय ज्यांना फौजदारी कायदा स्पर्शच करत नाही, परंतु ज्यांनी सार्वजनिक पैशाची सर्वाधिक हानी होते, अशा गोष्टी निराळ्याच: उधळपट्टी, हलगर्जीपणा, चुकीचे धोरण, वशिल्याने केलेले पण कायद्याच्या चौकटीत बसवलेले वाटप. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते असा अर्थशास्त्रातला एक जुना सिद्धांत आहे. ‘घोटाळा’ या सवंग नाण्याने हे सर्व खणखणीत शब्द बाजारातून घालवले.

त्याचा परिणाम काय होतो हे टू-जी प्रकरणाने दाखवले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले, कारण वाटपाची पद्धत मनमानी आणि सार्वजनिक हिताविरुद्ध होती. २१ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीच्या विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. आपण सुमारे सात वर्षे न्यायालयात बसून ग्राह्य पुरावा घेऊन कोणी येईल याची वाट पाहिली, पण कोणी आले नाही, अशा आशयाची खंत त्या न्यायाधीशांनी नोंदवली. या दोन निर्णयांत विसंगती नाही. वाटप मनमानी होते हे एक विधान. त्यासाठी अमक्याने लाच घेतली हे दुसरे. पहिले सर्वोच्च न्यायालयात टिकले, दुसरे खालच्या न्यायालयात सिद्ध झाले नाही आणि त्यावरील अपील दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दाखल करून घेतले. पण दोन्ही विधानांना वर्षानुवर्षे एकच नाव दिले गेले होते. म्हणून निर्दोष सुटका होताच ‘घोटाळा झालाच नव्हता’ असे म्हणणे एका बाजूला अगदी सोपे गेले, आणि ‘न्यायालयाने चोरांना सोडले’ असे म्हणणे दुसऱ्या बाजूला. रद्द झालेल्या परवान्यांपैकी लहरींचा नोव्हेंबर २०१२ मध्ये लिलाव झाला तेव्हा जेमतेम साडेनऊ हजार कोटी मिळाले, यावरूनही दोन्ही बाजूंनी आपापले सोयीचे निष्कर्ष काढले. परवान्यांची किंमत कशी ठरवावी, लिलाव केव्हा करावा आणि केव्हा करू नये, हा जो खरा आर्थिक प्रश्न होता त्यावर मराठीत किती लिहिले गेले?

महाराष्ट्रातील सिंचनाचे उदाहरण याहून क्लेशकारक आहे, कारण त्याचा संबंध कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटाशी आहे. २०१२ मध्ये ‘७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा’ हे शब्द राज्यातल्या प्रत्येक चावडीवर पोचले. हा आकडा कोठून आला? तो दहा वर्षांत सिंचनावर झालेल्या एकंदर खर्चाचा होता. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून असे दिसत होते, की दशकभरात पिकांखालील क्षेत्रात सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर, म्हणजे अवघे एक दशांश टक्का वाढले. खर्च प्रचंड आणि पाणी नाही, ही गोष्ट स्वतःच इतकी लांच्छनास्पद होती की तिला फुगवण्याची गरज नव्हती. परंतु खर्चाच्या आकड्यापुढे ‘घोटाळा’ शब्द जोडला गेला आणि सत्तर हजार कोटी जणू कोणी घरी नेले असा समज पसरला. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर सरकारने श्वेतपत्रिका काढली, डिसेंबरमध्ये ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. श्वेतपत्रिकेला फार काही सिद्ध करावे लागले नाही. धरणे उभी आहेत, कालवे काही ठिकाणी खणले आहेत, भूसंपादनाचे पैसे दिले आहेत, म्हणजे सत्तर हजार कोटींची चोरी झालेली नाही, एवढे दाखवणे पुरेसे होते आणि ते खरेही होते. आरोपाची रक्कमच अशी निवडली गेली होती की ती खोडून काढणे हे सर्वांत सोपे काम ठरावे.

आणि ज्या गोष्टी खोडून काढता आल्या नसत्या त्या बाजूला राहिल्या. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली. ती कोणत्या दरसूचीनुसार, कोणाच्या टिपणीवर आणि कोणत्या सहीने वाढली? गोसीखुर्दचा मूळ अंदाज १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यात महागाईचा वाटा किती, बदललेल्या आराखड्याचा किती, पुनर्वसनाचा किती आणि ठेकेदाराच्या नफ्याचा किती? मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये जे पत्र लिहिले त्यात ठोस अभियांत्रिकी मुद्दे होते. माधवराव चितळे यांच्या समितीने २०१४ च्या अहवालात कार्यपद्धतीतील दोष तपशिलाने मांडले. तो अहवाल वाचणे कष्टाचे आहे. ‘सत्तर हजार कोटी’ हे शब्द उच्चारणे सोपे आहे. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत ते उच्चारले गेले, कधी या पक्षाकडून तर कधी त्या, आणि आघाड्या बदलल्या की तितक्याच सहजतेने गिळले गेले.

वृत्तपत्रांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, ते न सांगणे अन्यायाचे होईल. रात्री अकरा वाजता मथळा लावणाऱ्या उपसंपादकापुढे दोन अडचणी असतात. एक तर जागा: ‘फौजदारी न्यासभंग’ हे शब्द एका स्तंभात मावत नाहीत, ‘घोटाळा’ तीन अक्षरांत काम भागवतो. दुसरी अडचण अब्रूनुकसानीची. ‘अपहार’ म्हटले की कोणावर तरी चोरीचा आरोप होतो आणि तो न्यायालयात सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते. ‘घोटाळा’ कोणावरच नेम धरत नाही. म्हणजे जो शब्द वाचकाला सर्वांत धाडसी वाटतो तो वस्तुतः सर्वांत सावध आहे. हे सावधपण पहिल्या दिवशी क्षम्यच नव्हे, तर योग्यही ठरते, कारण त्या दिवशी खरोखरच काय झाले ते कोणाला पुरते ठाऊक नसते. मात्र लेखापरीक्षण झाल्यावर, आरोपपत्र दाखल झाल्यावर, निकाल लागल्यावरही तोच शब्द चालू राहतो तेव्हा सावधपणाचे रूपांतर आळसात झालेले असते.

या सगळ्यात एक माणूस असा आहे की ज्याची मोजणी कोणत्याच आकड्यात होत नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील असे जाहीर केले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेने आपल्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, एकाच बांधकाम उद्योगसमूहात गुंतवले होते आणि ती थकलेली कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी कर्जखाती पुस्तकात उभी केली होती, असे तपासात निष्पन्न झाले. ‘साडेसहा हजार कोटींचा पीएमसी घोटाळा’ असे नाव पडले. पण साडेसहा हजार कोटी ही कर्जाची रक्कम होती. ठेवीदारांचे नुकसान हा वेगळा हिशेब होता आणि तो कोणी मांडला नाही.

तो मांडणे अवघड नाही. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या. त्यावरील रक्कम टप्प्यांनी, मोठ्या ठेवीदारांची शिल्लक तर दहा वर्षांनी, आणि त्यांतील पहिली पाच वर्षे व्याजाविना, असे ठरले. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची, सात टक्के दर धरला, तर आजची किंमत सुमारे ५१ पैसे भरते. पुढच्या पाच वर्षांचे अल्प व्याज जमेस धरले तरी साठ पैशांपलीकडे ती जात नाही. म्हणजे सेवानिवृत्तीचे पंचवीस लाख ज्याने तेथे ठेवले होते, त्याला ‘सर्व पैसे परत मिळणार’ असे सांगितले गेले ते रुपयांच्या संख्येपुरते खरे होते. मधल्या काळात झालेले आजार, लांबलेली लग्ने, काढलेली कर्जे यांचा हिशेब तर कोणत्याच सूत्रात बसत नाही. या माणसाच्या बाबतीत जे घडले त्याला ‘घोटाळा’ म्हणणे म्हणजे त्याच्या टपालाचा पत्ता चुकला असे म्हणण्यासारखे आहे. त्याने विश्वासाने सोपवलेला पैसा दुसऱ्याने तिसऱ्याला दिला, आणि ज्यांनी ते पाहायचे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नाही. मराठीत याला विश्वासघात म्हणतात.

राज्यातील सहकारी संस्थांसाठी १९६० च्या सहकार कायद्यात कलम ८८ आहे. त्याखाली चौकशी अधिकाऱ्याला संस्थेचे नुकसान किती झाले हे ठरवून ते कोणत्या संचालकाच्या अथवा अधिकाऱ्याच्या कोणत्या कृत्याने झाले ते लिहावे लागते आणि प्रत्येकाच्या नावापुढे वसुलीची रक्कम मांडावी लागते. तेथे घोटाळा हा शब्द चालत नाही; नाव, कृत्य आणि रुपये एवढेच चालते. अशा चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात, स्थगित होतात, मंत्र्यांपुढे अपिलात जातात. कधी एखादीचा निकाल लागतोच. त्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर एका परिच्छेदात येते, संचालकांची नावे जागेअभावी गाळलेली असतात, आणि मथळा असतो: अमुक पतसंस्था घोटाळ्याप्रकरणी अहवाल सादर.